वाचकांचे प्रश्न : न्गाम्बा बेटावरचे चिंपांझी

मागच्या अंकात मी युगांडातल्या न्गाम्बा बेटाबद्दल लिहिलं होतं. आई मारली गेलेली, तस्करांच्या हातून किंवा कुणाच्या तरी अंगणातून सोडवून आणलेली चिंपांझीची पिल्लं तिथे कशी मोठी होतात, त्याबद्दल. त्यानंतर इतके मेल आणि व्हॉट्सॲप मेसेज आले की एकेकाला वेगळं उत्तर देणं जमेना, म्हणून इथेच उत्तरं देते. नावं छापू नका असं बऱ्याच जणांनी कळवलंय, त्यामुळे फक्त गावं दिलीत.

तिथला एक दिवस कसा असतो? सकाळी उठल्यावर पहिलं काम काय? (नाशिक)

पहिलं काम मोजणी. विषुववृत्तावरच आहोत, सरोवराकाठच्या एंटेबे गावाहून बोटीने बेटावर जाताना वाटेत ते ओलांडूनच जावं लागतं, त्यामुळे बारा महिने उजाडतं साधारण एकाच वेळी, आणि उजाडलं की केअरगिव्हर लोक जाळीच्या मोठ्या खोल्यांपाशी जातात जिथे चिंपांझी रात्री झोपलेले असतात, आणि एकेकाकडे बघत बघत चालतात. नुसतं डोकी मोजणं नाही हं. कोण खोकतंय, कुणाचं नाक वाहतंय, काल भांडण झालं त्याची जखम कशी आहे, नेहमी पुढे पळत येणारा आज कोपऱ्यात का बसलाय. मी व्हॉलंटियर म्हणून पहिल्यांदा गेले तेव्हा मला सगळे काळे नि सारखेच दिसायचे, आणि माझ्या शेजारचा केअरगिव्हर मात्र पाठ फिरवून बसलेल्याला नुसत्या खांद्यावरून ओळखायचा. आठवडाभराने मलाही चेहरे दिसायला लागले, कुणाचे कान मोठे, कुणाचं कपाळ पुढे आलेलं, एकीच्या उजव्या हाताला दोन बोटं नाहीत कारण लहानपणी तारेच्या फासात हात अडकला होता. फास लावलेला असतो हरणासाठी किंवा रानडुकरासाठी, पण अडकतात हेही.

मग पेज. पिठाची पातळसर पेज, आपल्या आंबिलीच्या जवळपास, आणि कुणाला औषध द्यायचं असेल तर तेही त्यातच. केळ्यात गोळी लपवून दिली तर काही जण केळं खातात आणि गोळी जिभेवर घोळवून थुंकतात, अगदी आपल्या घरातल्या चार वर्षांच्या पोरासारखं. पेज झाली की दार उघडतं आणि सगळे जंगलात. त्यानंतर खरी मेहनत सुरू होते ती माणसांची : पाइप लावून खोल्या धुवायच्या, झुले म्हणजे हॅमॉक तपासायचे, रात्रीसाठी सुकं गवत टाकायचं (जंगलातला चिंपांझी रोज संध्याकाळी फांद्या वाकवून नवीन बिछाना करतो, तसं इथेही गवत ओढून ओढून स्वतःची जागा करतात), आणि पोत्यांनी आलेली फळं-भाज्या चिरायच्या. पपई, कलिंगड, कोबी, गाजर, रताळी, जे बाजारात असेल ते.

दिवसातून चार वेळा खायला लागतं. जंगल असताना एवढं का, असं मलाही वाटलं होतं. पण हिशोब करून बघा, बेट सगळं मिळून 100 एकराचं, म्हणजे 40 हेक्टर, आणि त्यावर पन्नासच्या वर चिंपांझी. मोकळ्या जंगलात एका टोळीला काही चौरस किलोमीटर तरी लागतात, कुठे कुठे त्याच्या कितीतरी पट. नुसतं बेटाच्या झाडांवर सोडलं असतं तर थोड्याच दिवसांत जंगल ओरबाडून संपलं असतं. 1998 मध्ये सुरुवात झाली तेव्हा 19 होते.

सकाळी अकरा आणि दुपारी अडीचच्या सुमाराला कुंपणावरून फळं फेकतात, तेव्हा पर्यटक उंच माचावरून बघत असतात. फेकणं म्हणजे अंदाधुंद नाही. हट्टेकट्टे नर पुढे असतात, त्यांना आधी थोडं देऊन गुंतवायचं आणि मग लांब मागे बसलेल्या म्हाताऱ्या मादीच्या पुढ्यात नेमकं पडेल असं फेकायचं, यात केअरगिव्हर लोकांचा हात इतका बसलेला असतो की क्रिकेटच्या टीममध्ये घ्यावं. एखादं फळ कुंपणाच्या अलीकडेच पडलं तर पलीकडचा चिंपांझी जाऊन काठी शोधून आणतो, बारीक असेल तर टाकून दुसरी आणतो, आणि तारेखालून सरकवत सरकवत फळ ओढून घेतो. हे मी कितीदा बघितलं असेल, तरी हातातलं काम थांबतंच.

तुम्ही लिहिलं होतं की तिथे फणस खातात. आमच्याकडे हाताला तेल लावल्याशिवाय कोण फणसाला हात लावत नाही. मग ते चिकाचं काय करतात? (चिपळूण)

आजी, तुमचा प्रश्न वाचून इतका आनंद झाला! युगांडात फणस खूप, रस्त्यारस्त्यावर, त्याला फेने म्हणतात. चिंपांझींचा जीव आहे फणसावर. तेल-बिल काही नाही. दातांनी साल फाडतात, गरे उपसतात, आणि तोंडाभोवतीच्या केसांना चीक लागून सगळं चिकटतं. मी एक मादी बघितली, ती फणस झाला की जवळचं झुडूप गाठते, मूठभर पानं तोडते आणि आधी बोटं मग हनुवटी पुसते, निवांतपणे. पानांनी अंग पुसणं जंगलातले चिंपांझीही करतात. आठळ्या मात्र बऱ्याच वाया जातात, तुमच्या आठळ्यांच्या भाजीची आठवण येते मला तिथे.

चिंपांझी म्हणजे शेवटी माकडच ना? (पुणे)

नाही. शेपूट बघा. माकडाला असते, आपल्या वानराला म्हणजे लंगूरला तर हातभर असते, चिंपांझीला नसते. गोरिला, ओरांगउटान, बोनोबो आणि आपण यांच्या घरातला तो. त्याचा आणि आपला डीएनए साधारण 98.8 टक्के सारखा आहे.

बेटावरून पोहून पळून जात नाहीत का? (सातारा)

चिंपांझींना पोहता येत नाही, म्हणून तर व्हिक्टोरिया सरोवरातलं बेट निवडलं. फक्त माणसांच्या वस्तीच्या बाजूला करंटचं कुंपण आहे. पाण्याचा त्रास वेगळाच होतो, 2020 च्या मे महिन्यात सरोवराची पातळी विक्रमी वाढली, किनारा पाण्याखाली गेला, आणि नेमकं तेव्हाच कोविडमुळे पर्यटक बंद म्हणजे तिकिटांचे पैसेही बंद. खाणारी तोंडं तेवढीच. फार कठीण गेलं ते वर्ष.

नवीन पिल्लू आलं की त्याला सगळ्यांत कसं मिसळवतात? ते लगेच खेळायला लागतं का? (कोल्हापूर)

लगेच अजिबात नाही. आधी हे समजून घ्यायला हवं की पिल्लू मिळतं कसं. चिंपांझीची आई पिल्लू कुणाला देत नाही, चार-पाच वर्षं दूध पाजते आणि सतत अंगावर घेऊन फिरते. म्हणजे बाजारात एक पिल्लू दिसलं की त्याची आई मेली हे धरूनच चालायचं, आणि तिला वाचवायला आलेले आणखी एक-दोन मोठेही बहुतेक मेलेले असतात. पिल्लाने हे सगळं बघितलेलं असतं, आईच्या अंगाला चिकटूनच.

तर असं पिल्लू आलं की आधी साधारण तीन महिने वेगळं ठेवतात, टीबी, कावीळ, जंत सगळ्याच्या तपासण्या होतात. पण तीन महिने एकटं ठेवलं तर ते जगणारच नाही, म्हणून एक माणूस आई होऊन चोवीस तास सोबत. मी जे पिल्लू जवळून बघितलं ते दोन वर्षांच्या आसपासचं असेल, कमरेला दोरीचा वळ, त्या जागी केस उगवलेले नव्हते. दिवसभर ते स्वतःला मिठी मारून पुढे-मागे, पुढे-मागे डोलायचं. खायला दिलं तरी डोलायचं. केअरगिव्हरने कडेवर घेतलं की थांबायचं, आणि खाली ठेवलं की पुन्हा सुरू. रात्री झोपेत किंचाळायचं. मला घरी आल्यावर ते डोळ्यांपुढून जायचं नाही.

यातलं अवघड असं की माणसाने आई व्हायचं, आणि मग हळूहळू ते आईपण काढूनही घ्यायचं. पिल्लाला शेवटी चिंपांझीच हवेत. म्हणून एखादी शांत, पोरांची आवड असलेली मादी शोधतात, आधी जाळीतून ओळख. पहिल्या दिवशी पिल्लू पाठ करून बसलं होतं. मादीने जाळीच्या भोकातून एक बोट काढलं आणि तसंच ठेवलं, ओढलं नाही की काही नाही. किती वेळ गेला कोण जाणे, मग पिल्लाने मागे न बघता पाय लांब केला आणि तिच्या बोटाला टेकवला. पुढच्या काही दिवसांत दोघं एकत्र, मग तिच्या मैत्रिणी, मग थोडी मोठी पोरं, आणि सगळ्यात शेवटी मोठे नर, कारण तिथेच धोका असतो. महिनोन्महिने लागतात. मी पुन्हा गेले तेव्हा ते पिल्लू त्या मादीच्या पाठीवर बसून जंगलातून आलं. डोलणं पूर्ण गेलं नव्हतं, पाऊस-वीज झाली की अजून डोलतं असं कळलं, पण आता ते डोलायला लागलं की ती येऊन त्याला पोटाशी घेते.

इन्स्टावर कपडे घातलेल्या, डायपरवाल्या चिंपांझींचे रील्स येतात, किती गोड हसतात. इंडियात पाळता येतो का? (नागपूर)

तुझा राग आलेला नाही, मीही पूर्वी असे व्हिडिओ फॉरवर्ड केलेत. पण आता ते ‘हसणं’ नीट बघ. दात आवळलेले, ओठ मागे ताणलेले, वरचे-खालचे दोन्ही दात दिसतात, ते हसणं नाही, घाबरणं आहे. चिंपांझी खेळताना खरा हसतो तेव्हा खालचा जबडा सैल सुटलेला असतो, वरचे दात बहुतेक ओठाखाली झाकलेले, आणि आवाज धापा टाकल्यासारखा हं-हं-हं येतो. एकदा फरक कळला ना की त्या रील्स बघवत नाहीत.

पाळण्याबद्दल म्हणशील तर, चिंपांझीच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंदी आहे, आणि आपल्याकडे 2022 च्या वन्यजीव कायद्यातल्या दुरुस्तीनंतर असे परदेशी प्राणी बाळगण्यावरही सरकारची नजर आहे. तरी चोरून येतात. 2019 मध्ये ईडीने कोलकात्यातल्या एका तस्करी प्रकरणात 3 चिंपांझी आणि 4 मार्मोसेट माकडं जप्त केली, मालमत्ता म्हणून, फ्लॅट किंवा गाडी जप्त करतात तशी! एका चिंपांझीची किंमत 25 लाख धरली होती. ते नंतर अलिपूरच्या प्राणिसंग्रहालयात राहिले. त्या तिघांसाठी आफ्रिकेत किती मारले गेले असतील ते कुठल्याच कागदावर नाही.

आणि पाच-सहा वर्षांचा झाला की तो घरात आवरत नाही. मग रील बंद होतात आणि पिंजरा सुरू होतो. चिंपांझी माणसांच्या देखरेखीत 50 वर्षंही जगू शकतो, म्हणजे उरलेली चाळीसेक वर्षं पिंजऱ्यात. तेव्हा लाइक करू नकोस, शेअर करू नकोस, रिपोर्ट कर.

इतकी चांगली काळजी घेता तर मोठे झाल्यावर जंगलात का सोडत नाही? बेटावर ठेवणं म्हणजे पुन्हा कैदच नाही का? (सोलापूर)

हा प्रश्न मला स्वतःलाच अजून छळतो. कैद आहेच, मी नाही म्हणणार नाही.

पण सोडायचं कुठे? जिथे चांगलं जंगल आहे तिथे आधीच चिंपांझींच्या टोळ्या आहेत, आणि त्यांची हद्द म्हणजे हद्द, अनोळखी नर दिसला तर टोळीतले नर मिळून त्याला मारतात. जिथे टोळ्या नाहीत तिथे बहुतेक वेळा जंगलच उरलेलं नाही, ऊस नाहीतर मका आहे आणि गाव आहे. आणि आपले हे चिंपांझी माणसाला घाबरत नाहीत. भूक लागली की सरळ गावात येतील, माणूस दिसला की हात पुढे करतील, आणि समोरचा भाला घेऊन येईल. जुन्नरच्या माणिकडोह निवारा केंद्रातले बिबटे आठवा, काही बिबट्यांना तिथे आयुष्यभर ठेवावंच लागतं, त्यातलाच प्रकार.

कुठेच जमलं नाही असंही नाही. काँगो प्रजासत्ताकात 1996 पासून काही वर्षांत 37 चिंपांझी जंगलात सोडले, 2008 मध्ये गिनीतही एक गट सोडला. पण त्यासाठी योग्य जागा सापडणं, त्यानंतर वर्षानुवर्षं माग काढत फिरणारी माणसं, आणि इतकं करूनही काही मरणार हे मान्य करणं, एवढं सगळं लागतं. ज्यांचे हात तुटलेत, जे तीस वर्षांचे झालेत, त्यांना सोडणं हा क्रूरपणा होईल असं माझं मत आहे. तुम्हाला वेगळं वाटत असेल तर जरूर लिहा.

आम्ही ट्रिपला आलो होतो तेव्हा दोन माद्यांच्या मागे केवढी मोठी गुलाबी गाठ होती, बसताही येत नव्हतं. कुणी उपचार का करत नाही? (ठाणे)

काळजी करू नका, तो आजार नाही. मादी माजावर आली की मागचा भाग असा सुजतो, साधारण 36 दिवसांच्या चक्रात वाढतो आणि उतरतो. पर्यटक हमखास विचारतात, लहान मुलं तर मोठ्याने विचारतात आणि आई-बाबा गप्प करतात, गप्प करू नका, सांगा.

याच्याशी जोडलेला एक प्रश्न लातूरहून आलाय, की तिथे पिल्लं का होत नाहीत. होऊ देत नाहीत. माद्यांच्या दंडात गर्भनिरोधक इम्प्लांट बसवतात, बायका वापरतात तेच. प्रत्येक जागा बाहेरून सुटून येणाऱ्या अनाथ पिल्लासाठी ठेवायची, हा त्यामागचा विचार. तरी एखादं पिल्लू होतंच, आणि झालं की सगळी टोळी बघायला जमते.

एप्रिलमध्ये दुबईहून येतोय, मुलगी सहा वर्षांची आहे. तिला पिल्लाला हातात घेऊन फोटो काढता येईल का? एक्स्ट्रा चार्ज द्यायची तयारी आहे. (दुबई)

या जरूर, पण हातात घेता येणार नाही, कितीही पैसे दिलेत तरी. जिथे घेऊ देतात ती जागा चांगली नाही असं खुशाल समजा.

कारण साधं आहे. आपली सर्दी त्यांचा जीव घेते. युगांडातल्याच किबाले जंगलात 2013 मध्ये 56 चिंपांझींच्या एका टोळीतले 5 मेले, कशाने, तर मुलांना शाळेत होतो तसल्या सर्दीच्या विषाणूने. सहा वर्षांची मुलगी, विमानप्रवास, एसी, येताना नाक वाहणारच. मास्क घाला आणि माचावरून बघा. मुलीला दुर्बीण आणा, तिला त्यांचे चेहरे बघू दे, मजा तिथेच आहे.

माणसापेक्षा पाचपट ताकद असते हे खरं का? तुम्हाला भीती वाटत नाही? (जळगाव)

पाचपट नाही. 2017 मध्ये स्नायूंवर एक अभ्यास झाला त्यात 1.35 पट असं निघालं, म्हणजे तितक्याच वजनाच्या स्नायूमागे. पण त्याला सुळे आहेत, चारही हातापायांनी पकड आहे, आणि तो लढताना हात राखून लढत नाही, त्यामुळे आकडा ऐकून निर्धास्त व्हायचं कारण नाही.

भीती वाटते, आणि वाटायलाच हवी. सिएरा लिओनमध्ये टाकुगामा नावाचं अभयारण्य आहे, श्रीलंकेचे बाला अमरसेकरन यांनी उभं केलेलं. 1988 साली ब्रुनो नावाचं एक पिल्लू त्यांनी घेतलं, घरात वाढवलं, त्यातूनच 1995 मध्ये ते अभयारण्य झालं आणि ब्रुनो तिथला म्होरक्या. 2006 मध्ये ब्रुनोसकट 31 चिंपांझी बाहेर पडले आणि एका ड्रायव्हरचा जीव गेला. बहुतेक परत आले, ब्रुनो कधीच सापडला नाही. अमरसेकरन यांनी तरी काम सोडलं नाही, आणि 2019 मध्ये त्या देशाने चिंपांझीला राष्ट्रीय प्राणी केलं. मला हे सगळं एकत्रच आठवतं, तो ड्रायव्हरही आणि ते पुढचंही.

म्हणून मोठ्या चिंपांझीच्या खोलीत आम्ही जात नाही. मध्ये जाळी असतेच. अंगावरचे केस ताठ उभे राहिले आणि तो झुलायला लागला की मागे सरकायचं, शहाणपणा करायचा नाही.

ते तुम्हाला ओळखतात का? खूप दिवसांनी गेलात तर आठवण असते का? (सांगली)

असते. माझं पोस्टिंग बदललं होतं, दोन वर्षं मला बेटावर जाताच आलं नाही. परत गेले त्या दिवशी मास्क होता, केसही कापलेले होते. दुपारच्या खाण्याला सगळे कुंपणाशी आले आणि ती दोन बोटं नसलेली मादी माझ्यासमोर येऊन थांबली, फळाकडे बघितलंच नाही तिने. घशातून हलका हं-हं आवाज काढला, आपल्या माणसाला भेटल्यावर काढतात तसा. मी पण काढला, येतो तसा. खूप वेळ बघत होती. हात पुढे करावासा मला इतका वाटला, पण केला नाही.

मग मागून दुसरी मादी आली आणि तिच्याकडे पाठ करून बसली, म्हणजे माझे केस बघ. तशी ही वळली, तीन बोटांच्या हाताने तिच्या पाठीवरचे केस बाजूला करायला लागली, ओठ एकावर एक वाजवत. माझ्याकडे पुन्हा बघितलं नाही. संध्याकाळची बोट सुटेपर्यंत दोघी तिथेच होत्या.